इस्त्री केलेली कॉपी

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ("मजेत" हे उत्तर चालणार नाही, जिने किती चढतेस ते आकड्यात कळव.) इकडे आम्ही सुखरूप आहोत. दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी हे वाक्य लिहायची हिंमत झाली नसती.

तुझा मापाचा टेप आणि उसनं शिलाई मशीन घेऊन उघडलेल्या दुकानात आता सात माणसं राबतात, आणि गिऱ्हाइकांची सगळी मापं कंप्युटरात असतात. कुठलं मशीन तेल मागतंय ते मला रस्त्यावरून ऐकू येतं, असा माझा लौकिक. त्या सोमवारी करकर ऐकली, तीन नंबरच्या मशीनला तेल पाजलं आणि समाधानाने चहा प्यायलो. करकरत होता कंप्युटर. मंगळवारी तो गप्प झाला, तेव्हा मला वाटलं, तेल लागू पडलं!

गप्प झाला तो बासष्ट नर्सबाईंची मापं पोटात घेऊन. शनिवारी हॉस्पिटलची नवी इमारत सुरू व्हायची होती आणि नवे गणवेश त्याआधी हवे होते. चुकलो असतो तर हे काम कायमचं गेलं असतं, आणि सातातल्या तिघांना मी कोणत्या तोंडाने घरी बसवणार होतो? कंप्युटरवाल्याने झाकण उघडून मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली आणि विचारलं, कॉपी ठेवलीय का? मी छाती फुगवून सांगितलं, दर शुक्रवारी! वेगळी डिस्क आहे, धूळ बसू नये म्हणून तिला गुबगुबीत कापडी कव्हरही आहे. खण उघडला. रिकामा.

डिस्क सापडली इस्त्रीच्या टेबलावर, तयार कपड्यांच्या गठ्ठ्यात. (शुक्रवारी फोन आला तेव्हा मीच ती तिथे ठेवली होती. दोष कुणाला देऊ?) आमच्या इस्त्रीवाल्या काकांचा एकच धर्म, टेबलावर आलेलं कापड चुरगळलेलं परत जाता कामा नये. "मधे काहीतरी कडक लागलं खरं," ते म्हणाले, "मला वाटलं कॉलरचं कॅनव्हास. म्हणून दोनदा वाफ दिली." कव्हरला काय देखणी घडी पडली होती म्हणून सांगू! आत डिस्क वाकून सलाम करत होती.

कटिंगमास्तर कंप्युटरला पहिल्यापासून सवत मानतात. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वही असती तर इस्त्रीने उलट सरळ झाली असती." (वह्या मीच रद्दीत घातल्या होत्या, हे त्यांनी फक्त तीनदा सांगितलं.) नर्सबाई तीन पाळ्यांत कामाला, त्यांना मापाला बोलवायचं कधी आणि शिवायचं कधी, यावर एकच गलका झाला. तेवढ्यात वर्षातून दोनदा बोलणाऱ्या काजबटणवाल्या मावशी दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, "गेल्या वर्षीचे गणवेश आपणच शिवले ना? ते काय त्यांनी खाल्ले?"

हॉस्पिटलची लाँड्री गाठली. तारेवर ओळीने गणवेश, प्रत्येकाच्या कॉलरला नंबर. मी टेप लावून मापं म्हणत गेलो, मास्तर विजयी मुद्रेने वहीत लिहीत गेले. वर्षभरात कुणाची कंबर जागेवर राहते? म्हणून शिवणीत दोन बोटं माया सोडली. शुक्रवारी गठ्ठे पोचले, परत आले फक्त चार, तेही सैल करायला.

आक्का, लाँड्रीतून येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपली खरी कॉपी दुसऱ्याच्या तारेवर वाळत होती, म्हणूनच वाचली. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासभर कंप्युटर बंद ठेवून वहीवर काम करतो, आणि कॉपी उघडते का तेही बघतो. मास्तर त्या तासाची नवरदेवासारखी वाट पाहतात. कंप्युटर पुन्हा बंद पडला तर कुणी काय करायचं ते भिंतीवर लिहिलंय. पहिली ओळ: मावशींना विचारा.

तुझा,
धाकटा

ता.क. खरं काम असं, की मापांची एक डिस्क तुझ्याकडे पाठवतोय. तुझ्या लोखंडी पेटीत ठेव. दर महिन्याला मी स्वतः येऊन बदलून नेईन, त्या निमित्ताने गुडघेही बघेन.

ता.क. दुसरा. या वेळी कव्हर शिवू नकोस. आधीचं तू फार प्रेमाने शिवून पाठवलं होतंस, ते घडीसकट जपलंय.

ता.क. तिसरा. डिस्कचं पार्सल इस्त्रीवाल्या काकांनी कापडात बांधून आणून दिलं. कापडाला एकही चुणी नाही आणि हाताला कोमट लागतंय. पत्र आज टाकतो, पार्सल मात्र उघडून बघितल्यावरच.