बरणीतील जादा वजनाचा खुलासा

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
सिरॅमिक व पॉलिमर संशोधन केंद्र,
महाड, जि. रायगड.

विषय : पुराच्या भीतीने घरी नेलेली बरणी परत करताना वजन जास्त भरल्याचा खुलासा, व सदर बरणी अर्जदाराच्या आईस मिळणेबाबत.

संदर्भ : ‘नेला त्याहून अधिक माल परत कसा आला’ अशी विचारणा करणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या केंद्रात संशोधन सहायक असून सिरॅमिकच्या पांढऱ्या भुकटीवर पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप चढवण्याचे काम करते. लेप नीट बसला की भुकटी भिजत नाही, थेंब घरंगळून जातो. वर्षभराच्या खटपटीनंतर जेमतेम एक बरणी माल जमला होता व तो चाचणीसाठी पुण्यास जावयाचा होता.

२. जुलैच्या सुरुवातीस सावित्रीचे पाणी चढू लागताच, ज्यांची घरे उंचावर आहेत त्यांनी मोलाचा माल घरी न्यावा, असे आपणच तोंडी फर्मावले. महाडात काम करणाऱ्याला हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. अर्जदाराने बरणी पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आपल्या बौद्धवाडीत नेली व स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून ती लगेच परत निघाली. आईने, म्हणजे येसूबाईंनी, “काय हाय गो यात?” असे विचारले. अर्जदाराने चपला घालता घालता उत्तर दिले, “पावडर हाय. तुला नाय कळायचं.” याखेरीज कोणतीही सूचना दिली नाही.

३. आषाढ पौर्णिमेला वाडीच्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिन्यांचे, ग्रंथवाचन सुरू होते. त्या दिवशी दारात धम्मचक्र काढण्याचा मान येसूबाईंचा. घरातली रांगोळी दमटपणाने गोळा झालेली. लेकीने शहरातून भारी रांगोळी आणली आहे, पण मोठेपणामुळे नीट सांगत नाही, असा त्यांचा समज झाला. त्यांनी खाली निळा रंग पसरून त्यावर चक्र रेखले. पागोळ्यांचे पाणी उंबऱ्यावर उडत होते आणि चक्र काही भिजेना. थेंब मण्यासारखे घरंगळून जात. अख्खी वाडी बघायला लोटली. शेजारच्या जानकीबाई ओरडल्या, “येसूची रांगोली पान्याला भीत नाय गो!”

४. शहाण्या माणसाने आनंदाने फोटो काढून आपणास पाठवला असता, कारण पुण्यात जे सिद्ध व्हायचे ते विहाराच्या दारात होत होते. अर्जदार संध्याकाळी विहारापाशी पोहोचली तेव्हा तिला फक्त रिकामी बरणी दिसली. ती सर्वांदेखत आईला जे बोलली ते कार्यालयीन कागदावर लिहिण्याजोगे नाही. मग तिने केरसुणी मागितली. वंदनेसाठी पांढरी लुगडी नेसून आलेल्या बायांसमोर तिने धम्मचक्र झाडून काढले. कोणी अडवले नाही. बरणी आईनेच धरली होती, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी. “हल्लू. वाया जाया नको,” एवढेच ती म्हणाली.

५. सबब जादा वजनात विहाराची तांबडी माती, आईचा निळा रंग व केरसुणीचे तूस आहे. जादा माल मूळ मालकास परत करून पावती जोडावी, असे आपले म्हणणे आहे. अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केला. चाळून निळा रंग निघत नाही, भट्टीत घातले तर पॉलिमरच जळून जाते. आईचे आणि केंद्राचे आता वेगळे होत नाही, असे लेखी देण्यास अर्जदार तयार आहे.

६. तेव्हापासून आई अर्जदाराच्या कशालाही हात लावत नाही. डबा भरायचा तरी “ह्यो डबा घेऊ ना? तुझ्या कामाचा नाय ना?” असे विचारते. विहाराच्या दारात रांगोळी नाही. बायांनी विचारले तर हात थरथरतो म्हणून सांगते. त्याच हाताने सुईत दोरा ओवताना अर्जदाराने तिला पाहिले आहे. अर्जदारास याची फार लाज वाटते. पदव्या आहेत म्हणून ती कमी होत नाही, उलट वाढते.

७. तरी विनंती की, सदर माल संशोधनास निरुपयोगी ठरवावा व बरणी माती आणि रंगासह, आहे तशी, आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपण्यापूर्वी श्रीमती येसूबाईंसाठी द्यावी. आपण ती अर्जदाराच्या हाती दिली तरी चालेल. आत काय आहे ते आईला सांगायचे राहिले आहे. ते अर्जदार या वेळी चपला काढून, तिच्यापाशी खाली बसून सांगेल.

आपली नम्र व खजील,
आम्रपाली रामजी हाटे
संशोधन सहायक

महाड, दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) जादा मालाची पावती : जोडता आली नाही.
२) जानकीबाईंच्या मोबाइलवरचा फोटो, रांगोळी झाडण्यापूर्वीचा. कडेला हसत उभी आहे ती अर्जदाराची आई.