खोक्यातला दुसरा अ‍ॅम्प्लिफायर

प्रिय चेतन,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं होतं, पण सवयीनं लिहूनच टाकलं. मारबतीच्या पुतळ्यासोबत गावाची इडापिडा जाते म्हणतात. माझी मात्र त्याच दिवशी घरात शिरली.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि कुजबुजण्याएवढाच आवाज उरला. महाल भागात आमच्या गल्लीचा बडग्या, तो कागदी पुतळा, निघाला की त्याच्यापुढे आरोळी द्यायची ती बाबांनीच, जागेश्वररावांनीच. यंदा घरी बसावं लागणार म्हणून माणूस जेवेनासा झाला होता. बॅटरीवर चालणारा, ओढून नेता येईल असा स्पीकर करू, ही कल्पना तुझीच. त्या एका कल्पनेपायी मी तुझ्याशी सात जन्म लग्न करायला तयार होते.

अ‍ॅम्प्लिफायरवरून आपण किती भांडलो! तुला गाडीतला मोठा हवा होता, लोकांच्या छातीत धडधडणारा. मी सांगत होते, वॅटचा आकडा डब्यावर छापलेला असतो, बारा व्होल्टच्या बॅटरीतून तो निघत नाही. तो मोठा नुसता चालू ठेवला तरी तापतो, अर्धी बॅटरी उष्णतेतच जाते. बाबांना धडधड नको, शब्द कळायला हवेत. म्हणून तळहाताएवढा, कमी बॅटरी खाणारा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड निवडला. गच्चीवर बसून सकाळपासून दुपार टळेपर्यंत माइकवर पेपर वाचला. सुभद्रामावशी खालून ओरडली, बाजारभाव तरी सोड. बॅटरी तरीही शिल्लक होती. तू हसलास, मान्य म्हणालास आणि मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, पोळ्याच्या संध्याकाळी, चार्ज करतो म्हणून स्पीकरचं खोकं घरी घेऊन गेलास.

मिरवणुकीत बाबांची पहिली आरोळी घुमली तेव्हा सगळा रस्ता वळून बघू लागला. बाबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पुढच्या चौकापर्यंत आवाज चिरकला, खरखरला आणि बंद पडला. बाबांना ते कळलंच नाही. ते तोंड उघडून “घेऊन जा गे मारबत” म्हणत राहिले आणि पोरं हसत राहिली. मी धावत जाऊन मागची फळी उघडली. आत माझा बोर्ड नव्हता. तुझा तो मोठा होता, हात लावला तर चटका बसला. तो काढायला पेचकस हवा म्हणून तिथेच उभ्या तुझ्या स्कूटरची डिकी उघडली, तिथे माझा बोर्ड तुझ्या रुमालात गुंडाळून ठेवलेला.

मित्रांनी चिडवलं असेल, होणाऱ्या बायकोच्या बुद्धीनं चालतो म्हणून, आणि तू बोर्ड बदललास. तेही मी गिळलं असतं. पण आवाज कसा गेला असं मंडळाच्या देवाजींनी विचारलं तेव्हा माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता तू म्हणालास, “अ‍ॅम्प्लिफायर दामिनीनं पसंत केला होता, मले काय मालूम.” चेतन, त्या क्षणी माझ्या हातात फळी होती. मी ती परत लावली, कारण बाबा पायरीवर बसून पाणी पीत होते. त्यांच्यासमोर तमाशा नको होता.

घरी मात्र सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, “आपली चूक दुसऱ्यावर नाही टाकू वं बाई. तो तर तुह्यासाठी किती धडपडते.” त्यांना दोन्ही बोर्ड सारखेच. आता माझा बोर्ड लावून खोकं रोज त्यांच्यापुढे ठेवते, तर ते माइक धरत नाहीत. आपलं पुन्हा हसं होईल, ही त्यांना भीती.

येत्या रविवारी तुझ्या घरचे साखरपुड्याची बोलणी करायला येणार आहेत. त्यांना आणू नकोस, ते आता होणार नाही. तू मात्र ये, एकटा. तुझा अ‍ॅम्प्लिफायर कागदात बांधून ठेवलाय, तो ने. आणि जाण्याआधी बाबांजवळ बसून तू काय केलंस ते सांग. माझ्या तोंडून ते त्यांना पटत नाही. तुझ्या तोंडून पटलं तर ते पुन्हा माइक हातात घेतील. एवढ्यासाठीच हे पत्र.

आता ‘तुझीच’ म्हणवत नाही,
दामिनी