ट्रम्पेटला पंचामृत

मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

बाजारातून आणलं — झेंडू अर्धा किलो ४०, मधाची लहान बाटली ७५, दही १५. दूध-तूप घरचं. मध महाग पडला, पण उद्या खंडेनवमी. यांच्या ट्रम्पेटला यंदा नुसतं हळदकुंकू पुरायचं नाही. सहा महिन्यांनी परभणीच्या स्टुडिओतून बोलावणं आलंय, शुक्रवारी जायचं. मालक योगीराज फोनवर म्हणाले, "सूर्यभानकाका, ह्या बारीला बघू. न्हाई जमलं तर फुडं कीबोर्डवरच भागवतो." हे नुसते "बरं" म्हणाले. जेवले मात्र अर्धीच भाकरी.

बुधवार, १ ऑक्टोबर

पूजा झाली. हे मानवतला गेले होते. देवांना घालते तसं ट्रम्पेटलाही पंचामृत घातलं, वरून पाणी ओतलं, पुसून मांडलं. हे आले, ट्रम्पेटवरची झेंडूची माळ बघून हसले. पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून हात लावला नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झाल्यावर ट्रम्पेट पेटीत ठेवायला उचललं. मधलं बटण दाबलं गेलं ते वर येईना. मध आत चिकटलेला! नखाने उचललं, ओल्या फडक्याने पुसलं — पुन्हा तेच. हे ओट्यावर माणसांत बसलेले. सांगायला हवं होतं. पेटी मिटली. बँकेत काम आहे, उद्या मीही येते म्हटलं. देवा, माझ्या पूजेने यांचं काम घालवू नकोस.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

जीव भांड्यात पडला.

हे चौदा वर्षं जातात, मी स्टुडिओ आज पाहिला. काचेच्या अलीकडे मला खुर्ची, पलीकडे हे. बटण अडकलं. यांनी बाहेर येऊन नळाखाली धरलं, झटकलं, तिथंच पुन्हा फुंकलं. नाहीच. योगीराज घड्याळ बघायला लागले. मग मी उठले. "मीच पंचामृत घातलंय त्यात."

योगीराजांनी कपाळाला हात लावला. "काकू, परसादाचा पेढा बी आत टाकलाव का?"

हे काचेपलीकडे परत जाता जाता म्हणाले, "तू बस. योगीराज, गाणं लाव."

बटण दाबलं की वर यायला उशीर करत होतं. जो सूर ते देईना, तो यांनी ओठांनी ओढून आणला. सूर थेट लागायचा नाही, खालून सरकत सरकत जागेवर यायचा — लेक दारातूनच आईला हाक मारते तसा. श्वास कधी घेतला ते दिसलं नाही. मला वाटायचं हे काम छातीच्या जोराचं. इतकं हळू वाजवता येतं हे ठाऊक नव्हतं. दोनदाच वाजवलं.

योगीराज कानावरचं काढून म्हणाले, "काका, हे कीबोर्डातून निघत न्हाई. फुडल्या महिन्यात तीन गाणी हायत. तारखा मोकळ्या ठिवा."

एसटीत म्हटलं, "चुकलं माझं."

म्हणाले, "मधमाश्या मागं लागल्या न्हाईत, तेवढं बरं झालं."

शनिवार, ४ ऑक्टोबर

हे दोन भाकरी जेवले. कोमट पाण्याने बटण मोकळं झालं. देवापुढे साखर ठेवली, फक्त देवापुढे.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी देवळाच्या भोंग्यावर देवीचं गाणं लागलं. रोज त्याच गाण्याला माझा दिवा लागतो. आज सुरुवातीचा तुकडा ऐकला आणि वात हातात राहिली. तोच सूर, खालून सरकत आलेला. हे दाढी करत होते. म्हटलं, "कुणीतरी अगदी तुमच्यासारखं वाजवलंय."

"मीच हाय त्यो."

अकरा वर्षं मी त्या आवाजाला हात जोडते. म्हटलं, "सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा? किती मिळाले, येवढंच इचारायचीस." हसत म्हणाले. रागावून म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

जुन्या वह्या काढल्या. चौदा वर्षांची एकूणएक फेरी आहे — तारीख, एसटीचं भाडं, मिळालेले पैसे. गाण्याचं नाव एकाही ओळीत नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कार्ड टाकलं. मजकूर इथं उतरवून ठेवते —

"श्री. योगीराज यांस नमस्कार. तुमच्याकडच्या कोणकोणत्या गाण्यांत हे वाजवतात, ती सगळी नावं लिहून पाठवा. यांचं नाव कुठंच छापलेलं नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. फोनवर नको, वहीत प्रत्येक तारखेपुढे लिहायचं आहे. उलटटपाली कळवावे. — विजयमाला"