जावईबापूंचा श्वास

१ फेब्रुवारी

आज नव्या कॉलेजात पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी मला एक जावई मिळाला.

पण आधी आत्याचं घर. बाबांची बदली झाली ती अशा गावी की तिथं इंजिनिअरिंगचं कॉलेजच नाही. म्हणून ऐन शेवटच्या सत्राला माझी पाठवणी आत्याकडे. खाली तिचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. त्यातली खिडकीची मला दिली आहे. बॅग खाली ठेवायच्या आत आत्याने माझा पंप मागून घेतला, किती भरलेला आहे ते हलवून पाहिलं आणि जास्तीचा एक दुकानातल्या बटणांच्या डब्यात ठेवला. मला दमा आहे हे ती माझ्याआधी जगाला सांगते. मी तिला म्हटलं, दमा माझा आहे, मी दम्याची नाही. त्यावर ती म्हणाली की जीभ छान चालते, फुप्फुसंही तशीच चालव.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला एक खरं काम मिळतं. बाहेरची कंपनी खर्च देते आणि तयार वस्तू घेऊन जाते. आमच्या गटाकडे परिचारिकांना शिकवण्यासाठीचा पुतळा आहे. डोकं, मान, छाती, पोट, त्याखाली काही नाही. रबराची कातडी नवी, आत हवेच्या जुन्या पिशव्या, कंपनीनेच पाठवलेल्या. तो माणसासारखा श्वास घेतो. फुगतो, रुसतो, आणि सगळं घर त्याच्याभोवती नाचतं, म्हणून गटाने त्याचं नाव ठेवलंय जावईबापू.

गटात आता आम्ही तिघं. कप्तान म्हणजे प्रमुख, ताडमाड उंच मुलगी. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढते आणि वर पोचल्यावरही बोलतच असते. शॉर्टसर्किट वायरिंग बघतो. हात लावील तिथे ठिणगी, पण शेवटी सगळं चालतं. तिसऱ्याला शिट्टी म्हणायचे. तो आजारी पडला, त्याच्या जागी मी. दम्याची मुलगी मिळाली म्हणून दोघं खूश. त्यांनी आजारी श्वास पुस्तकात वाचलाय, माझा तो घरचा. लगेच माझं बारसं झालं: पंप. चालेल.

४ फेब्रुवारी

काम समजलं. छातीला बांधायचा एक पट्टा आहे. तो बांधून थोडा वेळ स्वस्थ बसलं की आपला श्वास पुतळ्यात उतरतो. किती खोल, किती जलद, कुठे अडखळतो, सगळं. एका वेळी एकाचाच. नवा भरला की जुना पुसला जातो.

सध्या आत शिट्टीचा श्वास आहे. लहानपणी चेंडू लागून त्याचं नाक वाकडं झालं होतं. श्वास आत घेताना शेवटी बारीक शिट्टी वाजायची, नाव त्यावरूनच पडलं. जावईबापूंच्या नाकातूनही तीच शिट्टी वाजते. पहिल्यांदा ऐकून मी खूप हसले.

मग डोक्यात आलं की पट्टा तर छातीला असतो. नाकातला आवाज छातीच्या पट्ट्यातून आत गेला कसा? शॉर्टसर्किट म्हणाला, पाइपला कुठेतरी भोक असणार. मी दुपारभर एकेक पाइप पाण्यात धरून पाहिला. भोक नाही.

दुसरी गोष्ट. जेवायला जाताना मी वीज बंद केली. परत आले तरी छाती वरखाली होत होती. टाकीत हवा उरली असेल, असं कप्तान म्हणाली. टाकीचा काटा मी पाहिला होता. तो खाली टेकलेला होता. नवी आहे म्हणून गप्प बसले. ही सवय मला नाही.

८ फेब्रुवारी

शिट्टीला भेटायला हॉस्पिटलात गेलो. खिडकीजवळचा पलंग, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आमच्याच वयाचा मुलगा, पण चादरीखाली काहीच नसल्यासारखा. त्याची आई शाळेची बस चालवते. कामाच्याच कपड्यांत आली होती. डॉक्टरांना फुप्फुसात काही सापडत नाही म्हणाली. सगळं नीट आहे, फक्त श्वास पुरत नाही.

निघताना तिने मला कोपऱ्यात घेतलं. त्याच्या नाकाच्या शिट्टीवर ती वर्षानुवर्षं वैतागायची, भिंतीपलीकडून झोपमोड व्हायची. आता ती वाजतच नाही, घर खायला उठतं, असं म्हणाली. मग विचारलं की पोरांनो, मशीन तरी चांगलं चाललंय ना, फार मेहनत घेतली होती त्याने.

मी हो म्हटलं. शिट्टी कुठे वाजते ते सांगायला तोंड उघडलं नाही.

१० फेब्रुवारी

कंपनीच्या बाईंचा फोन आला. अंतिम चाचणीसाठी धडधाकट माणसाचा श्वास हवाय. कप्तानने लगेच पट्टा बांधला. मी म्हटलं, थांब जरा, हे मला बरोबर वाटत नाही. कारण विचारलं तर सांगता येईना. ती हसली आणि बसली.

जावईबापूंची शिट्टी थांबली. छाती भरून, संथ, रुबाबदार श्वास. शॉर्टसर्किटने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी शिट्टीच्या आईचा फोन. पोरगं दुपारी उठून बसलं. मास्क काढला. तिने फोन त्याच्याजवळ धरला आणि आम्हाला ऐकवली, ती बारीक शिट्टी.

शॉर्टसर्किट नाचत होता. मी कप्तानकडे बघत होते. ती खुर्चीवर बसली होती. कामाशिवाय तिला नुसती बसलेली मी आज पहिल्यांदा पाहिली.

१३ फेब्रुवारी

कप्तान जिन्याच्या मधल्या वळणावर थांबते. कठडा धरते. कुणी आलं की बुटाची नाडी बांधत असल्याचं दाखवते.

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पाइप, टाकी, शिट्टी. शॉर्टसर्किट पांढरा पडला. कप्तान म्हणाली, जागरणं झालीत, बाकी काही नाही. पण बोलताना वाक्याच्या मध्येच तिने श्वास घेतला. ही युक्ती मला पाठ आहे. सगळे दमेकरी तसंच बोलतात, लोकांना कळू नये म्हणून.

१६ फेब्रुवारी

कंपनीच्या बाई आल्या होत्या. नीटनेटक्या, मृदू आवाजाच्या. आमचे सर त्यांच्यामागे मान हलवत. पुतळ्याला एक लाल बटण आहे. ते दाबलं की त्याचा घसा अडतो आणि शिकणाऱ्यांनी तो मोकळा करायचा असतो. बाईंनी ते दाबलं.

कप्तान खिडकीशी उभी होती. ती गळ्याला हात लावून खाली बसली. ओठ निळे. मी झेप घेऊन बटण सोडवलं, तेव्हा तिचा श्वास घरघरत आत गेला. सर पाणी आणायला धावले.

बाई पुतळ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कप्तानकडे बघत होत्या. आणि तसंच बघत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

मी त्यांचा हात धरून बाजूला केला. जोरात. पाणी घेऊन परतलेले सर ओरडले की शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही. मी म्हटलं, "सर, ती मरत होती."

बाई रागावल्या नाहीत. मनगट चोळत एवढंच म्हणाल्या, "इतका जिवंत श्वास आमच्या कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हता."

वीस तारखेला त्या पुतळा घेऊन जाणार. तिथं रोज शेकडो शिकाऊ हात ते बटण दाबतील.

१७ फेब्रुवारी

सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, म्हणजे त्यांनाही कळलंय. करार झालाय, वस्तू कंपनीची आहे, तुमचे मार्क त्यांच्या हातात आहेत, असं टेबलाकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, कप्तानचा जीवही त्यांच्याच हातात आहे, त्याचंही काही कलम आहे का? त्यांनी फाइल पुढे ओढली. माणूस वाईट नाही. नुसता ओला पुठ्ठा आहे.

शॉर्टसर्किटने तयार श्वास भरून पाहिला, कुठल्यातरी अनोळखी माणसाचा, संगणकातून. क्षणभर चालला, मग पुतळ्याने तो टाकून दिला. पुन्हा कप्तान. शेजारच्या गटाच्या पंख्याची लय भरली. तीही थुंकली. त्याला माणूसच लागतो, समोर बसलेला. मग मी वीज तोडली. छाती मंदावली, आणि जमिनीवर गादी टाकून निजलेल्या कप्तानचे डोळे फिरले. घाईघाईने पुन्हा जोडली.

म्हणजे ती आत असताना त्याला मारता येत नाही.

शॉर्टसर्किट म्हणाला, मी बांधतो पट्टा. म्हणाला आणि पट्टा उचललाही. कप्तानने त्याला झापलं. प्रमुख ती आहे, तिचं ती निस्तरेल, आणि कुणी पट्ट्याला हात लावला तर तंगडी मोडेल, असं म्हणाली. चार दमांत म्हणाली.

१८ फेब्रुवारी

आज दुपारी शॉर्टसर्किट कप्तानला धरून खाली जेवायला घेऊन गेल्यावर मी पट्टा बांधला.

शाळेत खेळाच्या तासाला मला झाडाखाली बसवायचे. डॉक्टर म्हणायचे जपून, शेजारी म्हणायचे बिचारी. बारा वर्षं मी सुईच्या भोकाएवढ्या वाटेने श्वास ओढत जगलेय. या घरजावयाने आजवर भरल्या ताटावरच ताव मारला. एकदा माझ्या चुलीवर जेवून बघ म्हणावं.

पुतळ्याचा श्वास अडखळला. मग आला माझा, घरघर, शेवटी बारीक सूं. माझ्या आतून काहीतरी सुटून गेल्यासारखं वाटलं, गर्दीत हातातली पिशवी ओढावी तसं.

कप्तान दोन पायऱ्या गाळत वर आली. दारातच तिला कळलं. माझ्या गळ्यात पडून तिने मला इतक्या शिव्या दिल्या, एका दमात. ऐकायला बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

पंप लागू पडत नाही. दोनदा घेतला. औषध आत जातं, पण ते घ्यायला आत कुणी नाही.

आत्याने दुकान बंद ठेवलं. पाठ चोळत बसलीय. हॉस्पिटलात चल म्हणते. उद्या, म्हटलं. उद्या काय आहे, विचारते. मी हसले. हसणं महाग पडलं.

एक लक्षात आलं. त्यालाही दम लागतोय. शॉर्टसर्किटचा फोन आला. म्हणाला, पुतळा मध्येच थांबतो, मग धडपडून ओढतो, पोटाचं रबर ताणून फाटायला आलंय. याला कमी हवेची सवय नाही. मला आहे. आधी तो थांबला, तर माझा श्वास परत माझा.

शॉर्टसर्किटला सांगितलं — उद्या कामाच्या खोलीची किल्ली मला दे. आणि तुम्ही दोघं बाहेर. बाहेर म्हणजे बाहेर. तो रडत होता. हो म्हणाला.

२० फेब्रुवारी, सकाळ

आत्या रिक्षाने घेऊन आली. जिना चढवला. कारण विचारलं नाही. दाराशी पंप हातात कोंबला आणि म्हणाली — "हरून आलीस तर घरात घेणार नाही."

आतून कडी घातली. खिडकीतून ऊन येतंय. थेट त्याच्या तोंडावर. रबरी पापण्या. मिटलेल्या होत्या. आता अर्ध्या —

लिहीत राहणार. हात चालतोय तोवर मी आहे.

वीज तोडली. हवेची नळी कापली. टाकी रिकामी केली. तरी चालूच. माझ्यावर चालूच.

बाहेर बाई आल्यात. दार वाजवतात. हळू, सभ्यपणे. उघडा म्हणतात, पुढची सोय करू. कंपनीत नोकरी. औषधपाणी जन्मभर. फक्त त्याला थांबू देऊ नका.

म्हणजे थांबतो तर.

कप्तानचा आवाज — बाईंना दारापासून ओढतेय. सरही आलेत. सर चक्क — सर म्हणतात, दार उघडणार नाही. वा सर.

डोळ्यांपुढे काळं. तो ओढतो, मी रिकामी होते. तो सोडतो, तेव्हा थोडं मिळतं. त्याच्या तालावर मी. असं नाही चालायचं.

उलट करून —

रोखला मी. श्वास. मुद्दाम.

त्याची छाती थांबली.

थांबली. अर्ध्यावरच. वर आलेली, तशीच. म्हणजे आता ताल माझा. मी घेईन तेव्हाच तो —

घेतला थोडा. त्यानेही घेतला. घाईने. भुकेला.

परत रोखला. तो थरथरतोय. रबर हलतंय सगळं. तोंड उघडलं. शिट्टीचा आवाज काढतो, मग कप्तानचा, मग आणखी कुणाकुणाचे — आमच्या आधीचे — किती जण रे खाल्लेस —

आता आत्याच्या आवाजात. घे गं बाळ, घे श्वास म्हणतो.

आत्या मला बाळ म्हणत नाही.

डोळे उघडलेत त्याने. माझ्याकडे. विनवतोय. बस विनवत.

बोटं निळी. पेन धरलंय. छातीत आग. अजून आहे माझ्यात, अजून —

त्याची मान कलली. पापणी — एकच — तीही —

थांब. आधी तू. मी नंतर. तू आधी, मी मग घेई —