ढवळलेली थाळी

बाई, तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला तुम्ही मला खारबावला घरी बोलावलं होतं. ओट्यावर स्टीलची थाळी, त्यात तूप आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र गरम केलेलं. गरम होतं तोवर सगळं एकच, पिवळं, आरपार दिसणारं. मग तुम्ही थाळी बर्फावर ठेवली. "आता हात लावायचा नाही. नुसतं बघ." हळूहळू पांढरे ठिपके धरायला लागले. तुम्ही सांगत होतात, पेशीच्या पापुद्र्यात पण अशा कडक आणि सैल चरब्या असतात, उबेत मिसळतात, गार झाल्या की वेगळ्या होतात. ते बघायला शास्त्रज्ञ नुसत्या चरबीच्या पोकळ पिशव्या बनवतात पाण्यात. मी विचारलं, "मग ती पिशवी जिवंत नसते?" तुम्ही हसलात. "बोलता येतं की तुला! उद्या हेच बोल."

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले, म्हणाले, सांग बाळा. माझं तोंडच उघडेना. हातात चमचा होता, मी थाळी ढवळत बसले. ठिपके धरलेच नाहीत, नुसतं गढूळ झालं. "इथे तर काहीच दिसत नाही," म्हणून ते पुढच्या टेबलावर गेले. तुम्ही हळूच म्हणालात, "ढवळलंस कशाला? ते आपोआप होणार होतं. तुला फक्त थांबायचं होतं." त्याच दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात. शाळा उघडल्यावर मी सॉरी म्हणणार होते.

नववीत नव्या सरांनी विचारलं, पेशीचा पापुद्रा कशाचा असतो? मला येत होतं. तास संपेपर्यंत नुसती उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलेच नाही.

आता पूर्णा गावात गोडाऊनमध्ये पॅकिंगला असते. परवा जेवताना मोबाईलवर एका व्हिडिओत तुमची ती पोकळ पिशवी सापडली. गार होताना तिच्यावर काळे ठिपके उठतात, फिरतात, एकमेकांना लागले की एकच मोठा होतो. बाजूची म्हणाली, "क्या देख रही है, अंडा?" मी म्हटलं, "हां." एक वाक्य सांगायचं होतं, बाई. तेवढंही नाही आलं. आता येईल असं वाटतच नाही.

बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म शाळेत जाऊन भरायचा आज शेवटचा दिवस. सकाळी बाबा म्हणाले, "चल बाय, मी येतो संगती. सरांशी मीच बोलतो, तू न्हाय बोललीस तरी चालंल." मी म्हटलं, "ड्युटी हाय."

शाळेत सगळ्यांना वाटतं, मला बाबांनी काढलं. तसं मीच सांगितलं होतं, घरचे नको म्हणतात. सरांनी त्यांना बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं, "पोरीचं वाटोळं केलंत." बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि मी बाजूला उभी होते. घरी आल्यावरही ते मला काही बोलले नाहीत. आज गेलो तर सर परत त्यांनाच बोलतील, आणि मी परत गप्प उभी राहीन.

ड्युटी नाहीये, बाई. आज माझी सुट्टी आहे. डबा घेऊन स्टेशनच्या बाकड्यावर बसलेय, शाळेचं ऑफिस बंद व्हायची वाट बघत.