तुम्ही न सांगितलेला संप

बाबा, काल लेकीला घेऊन मॅसॅच्युसेट्समधली एक जुनी कापडगिरणी बघायला गेले होते. तिथे आता म्युझियम आहे. पाहुण्यांसाठी थोडे माग चालू ठेवतात. तो खडखडाट कानावर आला आणि इचलकरंजीतली आपली बाहेरची खोली दिसायला लागली. तुम्ही मागावरून येता, शर्टाला कापसाची पिंज तशीच चिकटलेली. कामगार सतरंजीवर बसतात आणि तुम्ही जाडजूड ग्रंथांतून विलायतेत कारखाने कसे उभे राहिले ते सांगता. तिथला एक प्राध्यापक म्हणाला, काम वाटून करा, ज्याने त्याने आपला फायदा बघा, त्यातच सगळ्यांचं भलं आहे. मग तिथलेच दुसरे विचारवंत विचारू लागले, मजूर तर खोकून मरतोय, भलं झालं ते कुणाचं? फार छान सांगायचात. नववीतली मी दारातून ऐकायचे. एकदा विचारलं, "त्या गिरण्यांत बायका नव्हत्या का?"

"बायकांचं नंतर बघू. आधी चहा आण."

सगळे हसले. आत आई चहा गाळत होती. दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरून नुकतीच आली होती. तीही कामगारच होती, बाबा. त्या सतरंजीवर तिला तुम्ही एकदाही बोलावलं नाहीत. ती गेली, तुम्ही गेलात, तुमचं ते 'नंतर' काही आलं नाही.

काल गाइड सांगत होती, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी शेतांवरून आलेल्या मुली इथे पहाटेपासून राबायच्या. मजुरी कापली तेव्हा त्यांनी काम बंद पाडलं, रस्त्यावर उतरल्या, भाषणं केली. तुमच्या त्या जाडजूड ग्रंथांपैकी कितीतरी तेव्हा लिहूनही झाले नव्हते. आणि त्यांच्या मागांवरचा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम वेचत होते. यातलं एक अक्षर तुम्ही सांगितलं नाहीत. माहीत नव्हतं, की सांगण्यासारखं वाटलं नाही? मी तिथे मुठी आवळून उभी होते.

लेक म्हणाली, "मॉम, दे वर माय एज. माझ्याच वयाच्या." मग विचारलं, "आजोबांना हे माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले, "त्यांनीच तर मला सांगितलं."

धडधडीत खोटं. माया वगैरे काही नाही त्यात. तुमच्यावर चिडायचा हक्क मला एकटीलाच हवा होता.