सोळाव्या पानावरची आई

आमच्या ‘कवडसा’ या चित्रकथेवर चौथा चित्रपट निघतो आहे आणि त्यातही आई पहिल्या दहा मिनिटांत मरते, हे काल दुपारी निर्मात्याच्या वकीलबाईंनी फोनवर मला खरं असल्याचं सांगितलं. आज सकाळी माझ्या डॉक्टरांनी मला तपासून, माझी बुद्धी शाबूत असल्याचा लेखी दाखला दिला. मी रागात आहे, तेही लिहा, असं मी म्हटलं. राग हा दाखल्यात घालण्याजोगा आजार नाही, असं ते म्हणाले. तेव्हा मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा चित्रकथांची चित्रं काढण्याचा, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझं कोणी ऐकत नाही म्हणून, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र आणि थोरल्या मुलाला दिलेलं अधिकारपत्र आजपासून रद्द समजावं.

कलम १. राहतं घर माझं व माझ्या दिवंगत पतींचं स्वकष्टार्जित आहे. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्या मुलीला. जिना दोघांचा. जिन्यात भांडू नये, पडायला होतं.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांत सारखं वाटावं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

कलम ३. माझे टाक, ब्रश, दौती आणि तिरपं टेबल समोरच्या पाट्या रंगवणाऱ्याला द्यावं. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा या रस्त्यावर तो एकटाच उरला आहे. ही हत्यारं काचेच्या पेटीत मांडायची थोरल्याची कल्पना मला कळली होती. ती मला आवडलेली नाही.

कलम ४. बैठकीतला मोठा टीव्ही जावयाला. तिसऱ्या चित्रपटात इमारती कोसळतात तेव्हा छातीत कसं घुमतं, हे त्यांनी मला पाच वेळा सांगितलं आहे. आता आपल्या घरी घुमवावं.

कलम ५. पहिल्या चित्रपटाची चौकटीतली जाहिरात थोरल्याने भिंतीवरून काढून न्यावी. खिळाही काढावा.

कलम ६. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे कवडसा. त्याचे सगळे हक्क पतींच्या पश्चात माझ्याकडे आहेत.

ज्यांनी फक्त चित्रपट पाहिले त्यांच्यासाठी लिहिते. कवडसा ऊन पडेल तिथे पोचतो आणि ऊन असेपर्यंतच त्याच्या अंगात बळ असतं. ऊन उतरलं की तो साधा माणूस, आणि साध्या माणसाला घरी जावं लागतं. घरी आई असते. ती त्याचा फाटलेला अंगरखा शिवते आणि त्याला बोलते.

ही आई पतींनी लिहिलेली नव्हती. त्यांच्या संहितेची पहिलीच ओळ होती, ‘कवडशाची आई लहानपणीच वारली.’ पण पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्यांची मोजणी चुकली. गोष्ट पंधरा पानांतच संपली. छापखान्यात फर्मा, म्हणजे एकदम छापून दुमडायचा कागद, सोळा पानांचा. फोरमन दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पान कोरं गेलं तर लोक शिव्या मला घालतील, तुम्हाला नाही.” पती अंथरुणात, तापाने फणफणलेले. मी आरशात बघून एक बाई काढली, तिच्या हातात सुईदोरा दिला, शेजारी दमलेला कवडसा बसवला. शब्द लिहायला कोणी नव्हतं, म्हणून शब्द नाहीत.

वाचकांची पत्रं आली ती त्या पानाबद्दल. तेव्हापासून पती पंधरा पानं लिहीत आणि सोळावं मी न विचारता काढी. अशी एकशे चौऱ्याऐंशी पुस्तकं निघाली. संहितेत ती बाई कधीच आली नाही. त्यांनी पहिली ओळही खोडली नाही. आळस, दुसरं काय.

चित्रपट तीन झाले. पहिल्यात आई पुरात जाते, दुसऱ्यात आगीत, तिसऱ्यात तिच्यावर इमारत पडते. मी तिन्ही वेळा पहिल्या रांगेत बसून स्वतःला मरताना पाहिलं, आणि तिन्ही वेळा लोकांनी माझं अभिनंदन केलं.

तिसरा पाहून आलो त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कोणता सरस याची चर्चा सुरू झाली. थोरला पहिल्याच्या बाजूने: टोपी, अंगरखा, संवाद, सगळं मुळाबरहुकूम. जावई तिसऱ्याच्या. धाकटी दुसऱ्यासाठी हमरीतुमरीवर आली. त्यात भर दुपारी आभाळ भरून येतं आणि कवडसा अकरा मजले जिन्याने उतरतो, दर मजल्यावर धापा टाकत. ती म्हणाली, ते आईने काढलेल्या चित्रासारखं आहे. बाकी चित्रपट रडका आहे आणि तिची आवड मला मान्य नाही. पण जिन्याचं तिचं म्हणणं खरं होतं. तेव्हा मी तिला तसं सांगितलं नाही, इथे सांगते.

मग मी विचारलं की सगळ्यांना आईच का नको असते. ऊन उतरल्यावर त्याने जायचं कुठे?

थोरला हसला. “आई, उगाच चिडतेस. मुळातच ती मेलेली आहे. बाबांच्या संहितेत पहिली ओळ आहे, मी स्वतः टाइप केलीय.”

“आणि पुस्तकात?” मी विचारलं.

“संहिता म्हणजेच पुस्तक ना.”

धाकटीने हातातला पेला खाली ठेवला. “दादा, तू सोळावं पान बघितलंच नाहीस?”

“कुठलं सोळावं पान?” तो म्हणाला.

बारा वर्षं हा मुलगा कवडशाचा अधिकृत सल्लागार म्हणून मिरवला. निर्मात्यांना त्याने संहिता दिल्या, आणि त्यांनी त्या प्रामाणिकपणे वाचून मला तीनदा मारलं. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग त्याच्यावर आहे, ज्याचा शाळेचा गणवेश शिवता शिवता मी ते पान काढायला शिकले.

कलम ७. म्हणून कवडशाचे सर्व हक्क, माझ्या हयातीत परवानगी देण्याच्या अधिकारासह, मी धाकटीला देते. अट एकच. आई म्हातारी दाखवा, आजारी पाडा, कजाग करा. कवडशाच्या आधी मारू नका. हे मान्य नसेल तर चौथा चित्रपट नाही. धाकटीने वितंडवाद जरूर घालावा. ती वाचून भांडते.

कलम ८. या मृत्युपत्राची एक प्रत उद्या थोरल्याला टपालाने जाईल. तो आधी मला फोन करेल, मी उचलणार नाही. मग बहिणीला बोलेल, मग वकिलाकडे जाईल. वकील पहिल्यांदा मूळ पुस्तकं मागेल. ती वरच्या खोलीतल्या कपाटात क्रमाने लावलेली आहेत. चावी प्रतीबरोबर टपालाच्या पाकिटात घातली आहे. सगळी पाहायला त्याला चार दिवस लागतील. तेवढे दिवस माझ्याकडे आहेत, आणि मी शेजारच्याच खोलीत असेन.

लिहून ठेवणार: सही (कवडशाची चित्रकर्ती)

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. छापखान्याचे निवृत्त फोरमन (सही, सोळा पानं स्वतः मोजली)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, वरची खोली
दिनांक: एकोणीस, मंगळवार